चार लोकांत बोलणारी

पेपर वाचून एकमेकांशी भांडणारी माणसं आमच्या वऱ्हाडात गल्लोगल्ली सापडतात. खुद्द पेपरशी भांडणारी मी एकच पाहिली, ती कांचन. अमरावतीला राजापेठेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी अकोल्याची. ती वलगावपलीकडच्या एका गावातली, भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या घरातली. कॉलेज एक, वर्ग एक, बी.ए.ची वर्षं एकत्र काढलेली. त्या सगळ्या काळात मला गजर लावायची गरज कधी पडली नाही.

पेपर खरं तर खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंचा. पेपरवाला तो जिन्यात फेकायचा आणि काकूंचा चहा उकळेपर्यंत तो कांचनच्या ताब्यात असायचा. पायरीवर बसून, केस मोकळे सोडून, ती तो मोठ्यानं वाचायची. सुरुवात आतल्या पानापासून. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "पयल्या पानावर पुढारी रायतेत, आतल्या पानावर मानसं." मग प्रत्येक बातमीवर तिचा शेरा. कुठं अधिवेशन झालं, हजारो लोक जेवले, असं छापून आलं की ही विचारायची, "जेवले ना? मंग भांडी कोनं घासली? त्याईचा फोटो कुठं हाय?" काकू खालून ओरडायच्या, "अवं, मले शिळा पेपर देऊन राह्यली तू! साऱ्या बातम्या मले जिन्यातूनच समजल्या." तरी पेपर बंद करायची भाषा काकूंनी कधी केली नाही.

मला सकाळी सकाळी तो आवाज नकोसा व्हायचा, हे कबूल. उशीत डोकं खुपसलं तरी ती वर येऊन पोळ्या लाटता लाटता उरलेलं भांडण माझ्याशी पुरं करायची. एकदा कुणा शहाण्या माणसाचा लेख आला होता, की आजकालच्या मुली संध्याकाळभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. कांचनचं लाटणं हवेतच राहिलं. "यानं आमाले विचारलं काय? सातच्या आत खोलीत या, गच्चीवर जाऊ नका, कोपऱ्यावर उभ्या राहू नका. मंग काय भिंतीकडे पाह्यत बसू?" पोळी करपली. ती करपलेली पोळी तिनं मला वाढली, कारण तिच्या मते चूक त्या लेखकाची होती.

पण नुसती तोंडाळ पोरगी म्हणून तिला निकालात काढता येत नव्हतं. दूर कुठल्या देशात लढाई चालू होती, तिथल्या एका कॉलेजवर बॉम्ब पडल्याची बातमी होती. चार ओळींची. मी वाचून पुढे गेले असते. कांचन थांबली आणि म्हणाली, "तिथंबी कोनी पोरगी उद्याच्या पेपरचा अभ्यास करून राह्यली असन, रूपा." त्या दिवशी ती जेवली नाही. जेव म्हटलं तर चिडली. जगात काही वाईट झालं की ते आपल्याच आळीत झालं असं तिला वाटायचं, आणि त्याचा त्रास तिच्याबरोबर राहणाऱ्यालाही व्हायचा.

राजापेठेत पावलोपावली शिकवणीचे क्लास. प्रत्येकाच्या दारावर गुणवंतांचे भलेमोठे फोटो. आम्ही रोज त्यांच्या नजरेखालून कॉलेजला जायचो. एक दिवस कांचन त्यातल्या एका क्लासात शिरली आणि टेबलामागच्या पोरीला म्हणाली, "ताई, या पोराईचे फोटो हायेत. पन तुमच्याकडे तं शेकड्यानं पोरं येतेत. बाकीचे कुठं गेले?" त्या बिचारीला वाटलं, ही प्रवेशासाठी आलीय. तिनं माहितीपत्रक पुढं केलं आणि खुर्ची दिली. कांचन खरंच बसली. परत निघाली तेव्हा ती टेबलामागची पोरगी स्वतःच सांगत होती, की तीही त्याच क्लासला होती आणि तिचाही फोटो लागला नव्हता. बाहेर आल्यावर कांचनचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं होतं, ती जिंकल्यासारखी येईल.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय स्त्रियांच्या आरक्षणाचा, आणि कांचनला बोलायचं होतं अनुकूल बाजूनं. छान सुरुवात केली तिनं. मग मध्येच भाषणात तिच्या गावची सरपंचबाई आली. "आमच्या गावात सरपंच बाई आहे. पंधरा ऑगस्टले झेंड्याची दोरी तिच्या नवऱ्यानं ओढली. बाईच्या हातात काय होतं? पोराईले वाटाच्या चॉकलेटचं ताट!" सभागृह हसलं. परीक्षकांनी घंटी वाजवली आणि विचारलं, "तुम्ही अनुकूल बाजूनं बोलताय ना?" कांचन म्हणाली, "मी अनुकूलच हाय, सर. म्हनून तं राग येते." बक्षीस अर्थातच मिळालं नाही. ते मिळालं विरुद्ध बाजूनं गोड आवाजात बोललेल्या एका मुलाला, आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते म्हणून कांचन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या वर्षाला लागलो आणि तिच्याकडे स्थळं येऊ लागली. तिचे वडील मऊ माणूस. बाजारात माल घालून परत जाताना आमच्याकडे वांग्यांची नाहीतर मेथीची पिशवी ठेवायला यायचे आणि उंबऱ्याच्या आत कधी यायचे नाहीत. जिन्यातच उभं राहून ते एकदा तिला म्हणाले, "बेटा, यंदाची भरती होईस्तोर मी थांबतो. लागली तं तू मोकळी. नाही लागली तं मंग माह्यं ऐकाचं." कांचननं मान डोलावली. एक सरकारी भरतीची परीक्षा होती, तिचा अर्ज तिनं भरला होता. म्हणजे तिचं अमरावतीत राहणं, पुढं शिकणं, स्वतःच्या मनानं जगणं, सगळं त्या एका परीक्षेवर येऊन टेकलं. तिनं जीव तोडून अभ्यास केला. एवढ्या बातम्या पोटात असल्यावर चालू घडामोडींचा भाग तिला काय अवघड! मीच तिला प्रश्न विचारायची आणि माझीच उत्तरं चुकायची.

परीक्षा पुढं ढकलली गेली. नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल, असं आलं. "यथावकाश म्हंजे कवा?" कांचन जिन्यात उभी राहून ओरडली. "माह्या बापाले सांगू काय, यथावकाश थांबा म्हनून?" परीक्षा पुन्हा ढकलली गेली. मग एका सकाळी मला जाग आली ती आवाज न आल्यामुळं. मी खाली गेले. कांचननं पेपरची घडी घालून तो काकूंच्या दाराशी ठेवला होता आणि ती पायरीवर नुसती बसली होती. परीक्षाच रद्द झाली होती, आतल्या पानावर एका कोपऱ्यात तेवढंच छापलं होतं. मी काहीतरी बोलले, होईल पुन्हा, असं काहीतरी. ती म्हणाली, "होईन ना. पन माह्यासाठी नाही होनार."

आणि झालंही तसंच. वडिलांनी निरोप पाठवला, मूर्तिजापूरकडचं मोठं घर आहे, रविवारी ये. तिनं मला सोबत घेतलं. गावच्या बसमध्ये ती बरीच सावरली होती. म्हणाली, "पाह्य रूपा, बोलनारी पोरगी कोनालेच नको असते. मागचे दोघं काहून पळाले? मी बोलली म्हनून. आजबी बोलतो. अशी बोलतो का चहा अर्धा टाकून उठले पाह्यजेत." मला ते पटलं. मागच्या खेपेला एका मुलाकडच्यांना तिनं हुंड्यावर इतकं सुनावलं होतं, की त्यांची चप्पल तिच्या दारातच राहिली होती. आम्ही दोघी बसमध्ये खिदळत होतो. शेजारची म्हातारी आमच्याकडं वळून वळून पाहत होती.

पाव्हणे आले. मुलगा नितीन, दिसायला नीटनेटका, मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवलेला. त्याचे मामा. आणि त्याचे वडील दादाराव, पांढरा कडक सदरा, दारात उभी केलेली जीप, बोलण्याआधी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवणारे. कांचन समोर येऊन बसली. नाव, गाव, शिक्षण झालं. मग दादारावांनी विचारलं, "पेपर वाचतं म्हने तू?"

दाराआडून तिची आई घाईनं म्हणाली, "कवाकवा वाचते जी."

"रोज वाचतो," कांचन म्हणाली. "पूर्ण वाचतो."

"मंग काय म्हनते आजचा पेपर?"

बस, एवढंच हवं होतं. कांचन सुटली. रद्द झालेल्या परीक्षांपासून सुरुवात करून ती बंद पडलेल्या बसफेऱ्यांवर आली, तिथून एकच मास्तर असलेल्या शाळेवर. मामा चहाचा घोट गिळायचा विसरले. मग तिनं थेट दादारावांनाच धरलं. "तुमच्या गावात बाया पानी कुठून आनतेत?"

"टाकी हाय ना आमच्या गावात."

"टाकी तं आमच्याबी गावात हाय. पानी येते काय तिच्यात?"

नितीन हसला. कांचनच्या वडिलांनी मान खाली घातली. ती माझ्याकडं बघून शेवटचा घाव घालायला वळली, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. म्हणाली, "आन् एक आताच सांगून ठेवतो. लग्न झाल्यावरबी मी अशीच बोलीन. घरात बोलीन, दारात बोलीन, चार लोकाईत बोलीन. मंग म्हनू नका, सांगतलं नाही."

मी मनातल्या मनात परतीची बस पकडली. तेवढ्यात दादारावांनी बशी खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली. "अशीच पाह्यजे होती!" ते कांचनच्या वडिलांकडं वळले. "भाऊ, लपवून कायले ठेवू? आमच्या गावचं आरक्षण बाईले सुटलं. सरपंचाची खुर्ची बाईची. आमच्या घरात बाया हायेत, पन चार लोकाईत उभी राहून बोलनारी एक नाही. किती पोरी पाह्यल्या, साऱ्या खाली मान घालून बसतेत. देवानंच धाडली ही पोरगी."

कांचनच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. ती सावकाश म्हणाली, "म्हंजे मी बोलीन ते चालन तुमाले?"

"बोलाचं तूच," दादाराव हसत म्हणाले. "काय बोलाचं ते सांगाले आमी हावोच ना!"

सगळे हसले. कांचनचे वडीलही हसले, कितीतरी दिवसांनी मोकळं झाल्यासारखे. आतून तिच्या आईनं साखर आणली.

मागच्या अंगणात झेंडूची तोडलेली फुलं पोत्यांवर पसरली होती. कांचन तिथं जाऊन उभी राहिली आणि मी गेल्यावर तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. "रूपा, मी चूप बसली असती तं वाचली असती," ती म्हणाली. "जलमात एकडाव चूप बसाचं होतं. तेवढं नाही जमलं मले." ती रडत नव्हती. मलाच रडू आलं.

पुढच्या दिवसांत तिनं होते नव्हते ते सगळे दरवाजे वाजवले. आधी वडील. ते जिन्यात आले तेव्हा तिनं त्यांना पहिल्यांदाच आत ओढून खुर्चीवर बसवलं. "बाबा, मी सरपंच नाही होनार, सही होनार." वडिलांना कळेना. ते म्हणाले, "कांचन, तुले बोलाचंच होतं ना? लोकं पोरीचं तोंड बंद करतेत, हे तुले बोलाले नेऊन राह्यले. आनखी काय पाह्यजे?" त्यांच्या आवाजात खोट नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं, की लेकीच्या मनासारखं झालं. मग तिनं कॉलेजातल्या मॅडमना गाठलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, शिक्षणाची कदर करणारी माणसं मिळाली, नशीबवान आहेस." काकूंनी तर आमच्या सरपंचीणबाई म्हणून तिच्या हातावर पेढा ठेवला. कुणाला तिची कीव यावी असं त्या स्थळात काहीच नव्हतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी अभिनंदन. मी एकटी तिच्या बाजूला, आणि माझ्या म्हणण्याला विचारतो कोण?

शेवटी तिनं नितीनलाच फोन लावला. मी शेजारी बसले होते. तिनं सरळ सांगितलं, की मला हे लग्न नको, मला पुढं शिकायचं आहे. तो अजिबात रागावला नाही. आवाज गोड होता त्याचा. "तुमी टेन्शन नका घेऊ. सही तेवढी लागते. बाकी सारं मी पाह्यतो. बी.ए.चे पेपर तं देऊच देऊ, बाबाईनं शब्द देला." कांचननं फोन बंद केला. भांडायला तिला समोर माणूस लागायचा. इथं सगळे तिचंच ऐकून घेत होते.

लग्न झालं. शेवटच्या सत्राच्या परीक्षेत तिची जागा माझ्या पुढच्या बाकावर होती. पहिल्या पेपरला बाक रिकामा. मला वाटलं, मूर्तिजापूरहून यायचं, गाडी चुकली असेल. दुसऱ्या पेपरलाही रिकामा. बाहेर येऊन मी फोन केला तर नितीननं उचलला. "ते प्रचारात हाय. पुढच्या साली देईन पेपर, काय जाते?" मागं भोंगा वाजत होता आणि भोंग्यावर कुणी बाई कांचनचं नाव घेऊन मतं मागत होती. ऐकता ऐकता मला कळलं, की तो आवाज कांचनचाच आहे. मी उरलेले पेपर कसे लिहिले ते मला आठवत नाही.

ती निवडून आली. मी पास झाले, अकोल्याला परत गेले आणि यथावकाश एका तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी नोकरीला लागले. कांचनचा नंबर बदलला होता. नव्या नंबरावर नितीन भेटायचा, सगळं मजेत आहे सांगायचा. हळूहळू मीही फोन करणं सोडलं.

मग आमच्याकडं महिला सरपंचांचं प्रशिक्षण झालं. आसपासच्या तालुक्यांतल्या बायका आल्या होत्या, आणि प्रत्येकीमागं एक नवरा. खुर्च्या मांडण्याचं काम माझ्याकडं होतं. कांचनला मी पाठमोरी ओळखली. अंगानं भरली होती, डोक्यावर पदर होता, पण मान तीच. शिकवायला आलेल्या बाई कडक होत्या. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "पतिराजांनी बाहेर बसावं." नवरे कुरकुरत व्हरांड्यात गेले आणि खिडक्यांना लागून उभे राहिले. एकेका सरपंचबाईनं उठून आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. कुणी लाजल्या, कुणी दोन वाक्यांत बसल्या. कांचनचा नंबर आला तेव्हा मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

ती उभी राहिली. आणि बोलली, स्वच्छ, मोठ्यानं, न अडखळता. गावाचा सर्वांगीण विकास, सर्वांचं सहकार्य, आदरणीय मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, मार्गदर्शन. छापील मराठी, एकही शब्द इकडचा तिकडं नाही. गावात टाकी आहे, असंही म्हणाली. मी खिडकीकडं पाहिलं. गजाला धरून नितीन उभा होता आणि तिच्याबरोबर त्याचे ओठ हलत होते. तिचं वाक्य संपायच्या आत त्याचं संपायचं. बाई म्हणाल्या, "बघा, असं बोलता आलं पाहिजे," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ती हात धुवायला नळावर आली तेव्हा मी तिला गाठलं. "अवं, रूपा!" तिनं माझा गाल धरला. "किती वाळली वं तू." तिनं माझ्या आईचं विचारलं, माझ्या लग्नाचं विचारलं. मुलगी झाल्याचं सांगितलं. मला तिला बोलतं करायचं होतं. काहीही करून, कशावरही. मी म्हटलं, "बाई सांगत होत्या, ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्या, तिथं नवऱ्याईले येऊ देऊ नका. तुले काय वाटते?"

ती माझ्याकडं बघत राहिली. नळ चालू होता.

"कायचं?" तिनं विचारलं.

तिला प्रश्न ऐकू आला नव्हता, असं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि तेवढ्यात नितीननं हाक मारली म्हणून ती गेली.

संध्याकाळी व्हरांड्यात हजेरीच्या सह्या चालल्या होत्या. नितीननं खिशातून पेन काढून तिला दिलं, जागेवर बोट ठेवलं, तिनं सही केली आणि पेन परत दिलं. मग ती जीपमध्ये मागं बसली, तो पुढं. जीप वळली तेव्हा तिची खिडकी माझ्या बाजूला आली. मी हात हलवला. कांचननं आधी पुढच्या सीटकडं पाहिलं, आणि मग हात हलवला.